बोटीचे वरचे मजले, बोटीचे खालचे मजले



आपल्या घरांतून ‘बोट’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. म्हातारी माणसे बोट म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे भाऊचा धक्का असतो. रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती बोट गोव्याला जायची. साधारण एक दिवस आणि एक रात्र लागायची. डेकवर वळकटी पसरायची, फडक्यातली भाकरी सोडायची, आणि आपल्या बंदराला धक्का नसेल तर भर समुद्रात पडावात उतरायचे. कोकणातली असंख्य कुटुंबे याच बोटीने मुंबईला पोट भरायला आली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही वाहतूक बंद पडली.

तरुण मुले बोट म्हणतात तेव्हा मात्र त्यांना मोबाईलवर पाहिलेली पांढरीशुभ्र, दहा-अकरा मजली क्रूझ आठवते. पहिली बोट गावाला पोचवायची. ही दुसरी बोट कुठेच पोचवत नाही. मुंबईहून निघते, फिरवते आणि मुंबईलाच आणून सोडते. या दुसऱ्या बोटीने आम्ही गेल्या थंडीत मुंबई-गोवा-मुंबई असा तीन रात्रींचा प्रवास केला. आमच्या सौ.ची बचत गटातली बिशी लागली होती आणि थोरल्या मुलीने आपल्या पहिल्या वर्षाच्या पगारातून निम्मी रक्कम घातली. नाहीतर माझ्यासारख्या कारकुनाच्या पगारात हे बसणारे नव्हे. तेथे जे पाहिले, त्यातले आपल्या कुटुंबांच्या उपयोगाचे तेवढे येथे सांगतो.

आधी हिशेब

मी वाणिज्य शाखेचा माणूस. म्हणून सुरुवात हिशेबापासून.

जाहिरातीत जो आकडा मोठ्या अक्षरात असतो तो एका माणसाचा, आणि तोही एका खोलीत दोघे राहतील असे धरून असतो. त्यावर बंदराचे शुल्क, कर आणि सेवाशुल्क चढते. खोल्या तीन प्रकारच्या. बिनखिडकीची आतली, खिडकीची आणि सज्जाची. स्वस्त असते ती आतली. तिच्यात दिवा मालवला की दिवस की रात्र हे कळत नाही. पण झोपण्यापुरतीच खोली हवी असेल तर तिच्यात काही वाईट नाही. उलट बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर असलेल्या खोलीला हेलकावे कमी बसतात. तोंडाशी, शेपटाशी आणि सर्वांत वर ते अधिक जाणवतात. वरच्या मजल्याला जास्त पैसे मोजून जास्त डुलायचे, असा हा व्यवहार आहे.

जेवण तिकिटात होते. सकाळचा नाश्ता, दुपारचे आणि रात्रीचे जेवण पोटभर. परंतु बाटलीबंद पेये, इंटरनेट, फोटोग्राफरने काढलेले फोटो आणि गोव्यातली बसची सहल या सर्वांचे पैसे वेगळे. बोटीवर रोख चालत नाही. चढताना एक कार्ड देतात, त्यावर सगळे लिहिले जाते. हातातून नोट जात नाही म्हणून खर्च जाणवत नाही, आणि शेवटच्या रात्री दाराखालून बिल येते. आमच्या सौ.नी पहिल्याच संध्याकाळी मुलांची कार्डे आपल्याकडे घेतली. त्यामुळे आमचे बिल आटोक्यात राहिले. शेजारच्या खोलीतले सद्‍गृहस्थ सकाळी काउंटरवर वाद घालत होते.

एक विचार करण्याजोगी बाब. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाची प्रादेशिक हद्द असते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. बोट ती हद्द ओलांडून गेली की मग जुगाराचे दालन उघडले. तेथे पगारदार माणसे पाहिली, पहिल्या फेरीला हसणारी आणि तिसऱ्या फेरीला गप्प झालेली. जुगाराने किती घरे धुऊन नेली हे आपल्या वस्त्यांना समुद्रावर जाऊन शिकण्याची गरज नाही.

भोंग्याचे सात आणि एक

बोट धक्क्याला असतानाच सर्व प्रवाशांना आपापल्या नेमून दिलेल्या जागी जमायला सांगितले. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा, ही धोक्याची खूण. तो वाजला की सामान सोडून, लिफ्ट न वापरता, आपल्या जागी जायचे. जीवरक्षक जाकीट कसे घालायचे तेही दाखवले. त्याला शिटी आणि छोटा दिवा असतो. पुष्कळ प्रवासी हे सर्व चालू असताना सेल्फी काढत होते.

हे नियम कोणा साहेबाच्या डोक्यातून आलेले नाहीत, बुडालेल्या माणसांनी ते शिकवले आहेत. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा बोटीवर बावीसशेहून अधिक माणसे होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा होती ११७८ जणांची. पंधराशेच्या वर माणसे गेली. त्यानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज चालू आहे तो १९७४ सालचा, वेळोवेळी सुधारलेला.

आपल्याकडची आठवणही कमी दुःखाची नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईच्या तोंडाशीच बुडाली. सहाशेच्या वर माणसे गेली. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत अजून त्या दिवसाचे नाव निघते.

आणि अलीकडची गोष्ट. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही क्रूझ बोट इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटली. बोटीवर चार हजारांहून अधिक माणसे होती, त्यातली ३२ दगावली. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. तेव्हापासून नियम बदलला. आता नव्या प्रवाशांची कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच व्हावी लागते. मृतांमध्ये मुंबई परिसरातला एक भारतीय वेटर होता. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये सापडले. जवळजवळ तीन वर्षे त्याच्या घरच्यांनी वाट पाहिली. म्हणून म्हणतो, भोंगा वाजला की मोबाईल खिशात ठेवावा आणि मुलांना जवळ घेऊन ऐकावे.

समुद्र

संध्याकाळी बोटीने बॅलार्ड पियर सोडले. कुलाब्याच्या टोकापुढचा प्रोंग्जचा दीपस्तंभ मागे पडला. मुंबई इतकी शांत कधी दिसली नव्हती. जिच्या लोकलमध्ये आपण रोज चेंगरतो तीच ही, दिव्यांची एक रेघ होऊन पाण्यावर पडलेली. आमच्या सौ. कठड्याला धरून बराच वेळ उभ्या होत्या. लग्नाला चोवीस वर्षे झाली, पण इतका वेळ काही काम न करता उभे राहिलेले त्यांना मी प्रथमच पाहिले. “इथं भांडी घासायला कुणी बोलावणार नाही ना?” असे त्यांनी विचारले. हसून विचारले, पण मला ते लागले.

रात्री कोळी बांधवांच्या मासेमारी होड्यांचे दिवे दूरवर दिसत होते. आमची बोट ताशी सुमारे १५ सागरी मैल, म्हणजे २८ किलोमीटरच्या आसपास चालत होती. आपल्या एस.टी.पेक्षाही सावकाश. सकाळी चहूकडे नुसते पाणी. झाड नाही, पाखरू नाही. माझ्या धाकट्या मुलाने विचारले, “पप्पा, एवढ्या लोकांना प्यायला पाणी कुठून आणतात?” चौकशी केली. समुद्राचेच पाणी यंत्रांतून काढून गोडे करतात. त्याचप्रमाणे प्लॅस्टिक समुद्रात टाकायला आंतरराष्ट्रीय नियमाने पूर्ण बंदी आहे. सगळा कचरा वेगवेगळा करून ठेवावा लागतो. दीड-दोन हजार वस्तीच्या गावाची पाणीपुरवठा योजना आणि साफसफाई तेथे चोवीस तास चालू असते, आणि ती चालवणारी माणसे प्रवाशांच्या नजरेला पडत नाहीत.

बोट लागण्याचा त्रास ज्यांना होतो त्यांनी उपाशी राहू नये आणि तुडुंब खाऊही नये. आल्याचा तुकडा चघळावा, वाचन टाळावे, उघड्या डेकवर जाऊन दूर क्षितिजाकडे पाहावे. औषध घ्यायचे तर डॉक्टरांना विचारून, आणि उलटी सुरू होण्यापूर्वी. दुसरे म्हणजे जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. बंदिस्त बोटीवर जुलाब-उलट्यांची साथ झपाट्याने पसरते. तिच्या विषाणूंवर हाताला लावायच्या द्रवापेक्षा साबण आणि पाणी अधिक गुणकारी असते. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो.

खालचे मजले

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

आमच्या मजल्यावर खोल्या आवरायला एक चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण येत असे. दुसऱ्या दिवशी आमच्या सौ. मुलाला मराठीतून रागावल्या, तेव्हा तो दारात थबकला. “मावशी, तुम्ही कुठल्या? मी खेडचा.” मग काय, ओळख झाली. आमच्या सौ.नी घरून आणलेले डिंकाचे लाडू त्याच्या हातावर ठेवले. तो आधी घेईना. नियमात बसत नाही म्हणाला. मग इकडेतिकडे पाहून घेतले.

त्याच्याकडून कळले ते असे. प्रवाशांच्या मजल्यांच्या खाली, पाण्याच्या रेषेच्या आसपास, कामगारांचे मजले असतात. एका छोट्या खोलीत दोघे-तिघे, एकावर एक पलंग, खिडकी नाही. धुलाईखाना, स्वयंपाकघरांची कोठारे, यंत्रे सगळे तिकडेच. करार सहा ते नऊ महिन्यांचा. तेवढे दिवस आठवड्याची सुट्टी नाही.

मी विचारले, “कामाचे तास किती?”

तो म्हणाला, “कागदावर बरोबर असतात, काका.”

कागदावर काय आहे ते सांगतो. सागरी कामगारांसाठी २००६ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो २०१५ साली मान्य केला. त्यानुसार विश्रांतीचे तास मोजणाऱ्या बोटीवर कामगाराला चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. त्याची नोंद ठेवावी लागते, आणि नोंदीची प्रत कामगाराला द्यावी लागते. तक्रार करण्याची रीत बोटीवरच असली पाहिजे आणि तक्रार केली म्हणून त्रास देता येत नाही. नियम चांगले आहेत. परंतु पुष्कळशा क्रूझ बोटी बहामा, पनामा यांसारख्या देशांत नोंदलेल्या असतात आणि बोटीवर मुख्यतः त्या देशाचा कायदा चालतो. खेडच्या पोराने समुद्रात असताना दाद मागायची तर कोणाकडे, हा प्रश्न उरतोच.

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ ही बोट कोरोनामुळे जपानच्या योकोहामा बंदरात अडकली होती. बोटीवर ३७११ माणसे होती, त्यातल्या सातशेहून अधिक जणांना लागण झाली. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद होते, आणि त्यांच्या दारापर्यंत जेवण पोचवणारे कामगार मात्र कामावर होते. त्या बोटीवर १३८ भारतीय होते. त्यातले प्रवासी फक्त ६, बाकी १३२ कामगार. वरच्या मजल्यावर आपण किती आणि खालच्या मजल्यावर आपण किती, याचा हिशेब या दोन आकड्यांत आला.

समुद्रावर काम करणे आपल्या भागाला नवे नाही. गोव्याचे तारवटी आणि रत्नागिरीकडचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर गेले. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गोव्याच्या गावोगावच्या मंडळींनी ‘कूड’ काढले होते. बोट मिळेपर्यंत खलाशाने तेथे थोड्या पैशांत राहायचे, गावच्या माणसांत जेवायचे. नव्या पोराला कोणत्या कंपनीत जावे, कोणाच्या नादी लागू नये हे तेथेच कळायचे. आज तशा जागा थोड्याच उरल्या आहेत. आज मोबाईलवर जाहिरात येते.

एक अर्ज

हे सर्व मी त्या तरुणाला इतके खोदून का विचारत होतो, त्याला कारण आहे. आम्ही निघण्याच्या आठवडाभर आधी आमच्या वस्तीतल्या एक भगिनी माझ्याकडे पतपेढीचा कर्जाचा अर्ज लिहून घ्यायला आल्या होत्या. त्या दोन घरची धुणीभांडी करतात. मुलगा बारावी होऊन हॉटेलचा एक छोटा कोर्स केलेला. एका एजंटने त्याला ‘क्रूझवर नोकरी’ देण्याचे कबूल करून अडीच लाख रुपये मागितले होते. पन्नास हजार आगाऊ, बाकी व्हिसा आल्यावर. मी अर्ज लिहिला नाही. “मी आठ दिवसांत परत येतो, तोवर थांबा,” एवढेच सांगितले.

खेडच्या तरुणाला ही हकीकत सांगितली. तो हातातली चादर तशीच धरून पलंगाच्या कडेला बसला. म्हणाला, “काका, माझ्या आईने पहिल्या वेळी गंठण मोडलं. एजंटने ऑफिस बंद केलं. दुसऱ्या वेळी मी नीट मार्गाने आलो, तेव्हा नोकरीसाठी एक पैसा लागला नाही. त्यांना सांगा, पैसे मागतो तो नोकरी देत नाही.”

मुंबईला आल्यावर मी त्या भगिनी आणि त्यांचा मुलगा यांना घेऊन बसलो. एजंटने दिलेल्या कागदावर परवान्याचा क्रमांक होता. सरकारी यादीत पाहिले तर त्या नावाची संस्थाच नव्हती. पैसे वाचले. पण मुलगा खूश झाला असे समजू नका. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मित्रांना सांगून बसला होता, फोटोही पाठवले होते. स्वप्न मोडले की माणसाला ते मोडणाऱ्याचाच राग येतो, फसवणाऱ्याचा नाही. आता तो एका उपाहारगृहात कामाला आहे, पासपोर्ट काढला आहे, आणि परवा स्वतःहून विचारायला आला, “काका, सी.डी.सी.साठी काय लागतं?”

त्याला जे सांगितले तेच येथे देतो. हे कात्रण कापून ठेवावे.

पहिले. भारतातून बोटीवर माणसे पाठवणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. त्याला आर.पी.एस.एल. म्हणतात. परवानाधारक संस्थांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. एजंटने दाखवलेल्या कागदावर विश्वास न ठेवता नाव आणि क्रमांक त्या यादीत स्वतः ताडून पाहावा.

दुसरे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे या करारानुसार निषिद्ध आहे. उमेदवाराने सोसायचा खर्च म्हणजे पासपोर्ट, सी.डी.सी. म्हणजे खलाशाची नोंदवही, आणि वैद्यकीय दाखला. व्हिसाचा खर्च बोटीच्या मालकाचा. ‘सर्व्हिस चार्ज’, ‘सेटिंग’, ‘साहेबांना द्यायचे’ असे शब्द कानावर आले की उठून यावे.

तिसरे. समुद्रातील सुरक्षिततेचे प्राथमिक शिक्षण, म्हणजे जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार वगैरे, महासंचालनालयाने मान्य केलेल्या संस्थेतच घ्यावे. न शिकता मिळालेले प्रमाणपत्र बनावट असते, आणि पकडला जातो तो पोरगा, एजंट नाही.

चौथे. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे कामाचा होईल’ असे कोणी म्हणाले तर जाऊ नये.

पाचवे. करारपत्र आधी हातात घ्यावे. पगार, कामाचे तास, मुदत, परतीचे तिकीट आणि अपघात झाल्यास भरपाई या पाच गोष्टी त्यात वाचाव्यात. इंग्रजी समजत नसेल तर समजणाऱ्याकडून वाचून घ्यावे. त्याची एक प्रत घरी ठेवावी, आणि ती आईला कुठे ठेवली आहे ते माहीत असावे.

आता कोणी विचारील, एवढे पैसे खर्चून तुम्ही गेलात, मग आम्ही जावे की नाही? माझे मत असे. कर्ज काढून जाऊ नये. साठवलेल्या पैशातून, घरातल्या बाईला चार दिवस विश्रांती मिळावी म्हणून जायचे असेल तर जरूर जावे. समुद्र पाहण्याचा हक्क फक्त सज्जाच्या खोलीवाल्यांचा नाही. परंतु गेल्यावर खोली आवरणाऱ्या मुलाचे नाव विचारावे. त्याला चुटकी वाजवून बोलावू नये, मुलांना ‘दादा’ म्हणायला शिकवावे. ताटात घेतलेले टाकू नये, कारण ते खाली कोणीतरी खरवडत असतो. आणि त्याच्या घरी फोन करण्याइतके नेटवर्क गोव्याच्या धक्क्यावर मिळते, तेव्हा त्या वेळात त्याला काम सांगू नये.

ज्यांच्या घरातली मुले बोटीच्या नोकरीच्या मागे आहेत त्यांनी वरच्या पाच गोष्टी तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. मुलांना जाऊ द्या. समुद्र ओलांडून कमावून आणू द्या. पण त्यांनी सरळ वाटेने जावे, स्वतःच्या नावाची नोंदवही खिशात घेऊन. आईचे गंठण मोडून जाऊ नये.